साखर उतरली, मग नजर का अंधुक झाली?

डॉक्टरबाईंना विचारा

या वेळच्या टपालात डोळ्यांचीच पत्रं जास्त आहेत. त्यातलं एक जवळजवळ पूर्ण छापते आहे. पत्र लिहिणाऱ्याने शेवटी माफी मागितली आहे, ‘अक्षर वाकडं आलं आहे, मला ओळ दिसत नाही’ म्हणून. अक्षर वाकडंच आहे, पण चित्रकाराचं आहे हे कळतं.

पत्र पहिलं

डॉक्टरबाईंना नमस्कार. मी आचऱ्याच्या अलीकडच्या एका गावात राहतो. वय ५६. आमची गणपतीची शाळा आजोबांपासून चालत आली आहे. यंदा मूर्तींसाठी ६४ पाट आले आहेत. पायाची जखम भरत नव्हती म्हणून वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तालुक्याला दाखवलं, तर साखर ४१२ निघाली. तीन महिन्यांची सरासरी म्हणतात ती १२.६. लगेच गोळ्या आणि रात्रीचं इन्सुलिन सुरू झालं. साखर झरझर उतरली. आता उपाशीपोटी १३०च्या आसपास असते. तहान गेली, रात्री सहा-सहा वेळा उठणं गेलं, जखमही भरत आली. पण सहाव्या दिवसापासून डोळ्यांपुढे धुकं आलं ते अजून हटत नाही. लांबचं थोडंफार दिसतं, जवळचं काहीच लागत नाही. मूर्तीपुढे बसलो की ब्रशाचं टोक दिसत नाही. चष्म्याच्या दुकानात गेलो, नवा नंबर काढून दिला. आठ दिवसांत तो चालेना. दुसरा केला, त्याचीही तीच गत. दोन्ही मिळून ३२०० रुपये गेले. वाईट याचं वाटतं की औषध सुरू व्हायच्या आधी माझी नजर अगदी चांगली होती. शिमग्यानंतर तर वाचायचा चष्माही सुटला होता, देवाची कृपा म्हणत होतो. आता घरची माणसं म्हणतात, इन्सुलिननेच डोळे जातात, शेजारच्या गावात एकाचे गेले. तर चतुर्थीपर्यंत औषध बंद ठेवू का? मूर्ती घरोघरी गेल्या की पुन्हा सुरू करीन. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी आमच्याकडे मीच करतो. पुतण्या आहे, पण त्याचा हात अजून बसलेला नाही. मगे आता काय करूचा, ता सांगा. (नाव छापू नये.)

उत्तर

बंद करू नका. चतुर्थीपर्यंत सोडाच, चार दिवससुद्धा नाही. अंक हातात पडेपर्यंत पंधरवडा जाणार, म्हणून एवढी एक ओळ तुम्हाला पोस्टकार्डावर आधीच पाठवली होती. बाकीचं इथे सविस्तर लिहिते, कारण हीच तक्रार घेऊन येणारी माणसं मी तीस वर्षं बघते आहे आणि त्यांतली बरीचशी माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच औषध सोडून बसलेली असतात.

तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. शिमग्यानंतर वाचायचा चष्मा सुटला, ही. छप्पन्नाव्या वर्षी वाचायचा चष्मा आपोआप सुटत नसतो. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, ते काही पुन्हा मऊ होत नाही. सुटला असेल तर भिंगात काहीतरी बदललं आहे. एक तर मोतीबिंदू पिकत असतो, नाही तर साखर वाढलेली असते, कधी दोन्ही. तुम्ही ज्याला देवाची कृपा म्हणत होता, तो तुमच्या आजाराने दिलेला पहिला निरोप होता.

तुम्हाला हसत नाही. मी स्वतः हीच कृपा एका मे महिन्यात भोगली आहे. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. रक्ताचे रिपोर्ट मी चष्म्याशिवाय वाचायला लागले आणि कंपाउंडरला, पेशंटना, आमच्या घरी येणाऱ्या मासेवालीलाही कौतुकाने सांगत सुटले. तहान लागत होती ती मे महिन्यावर ढकलली. वजन उतरलं ते मनासारखंच झालं होतं. डॉक्टर असून सुचलं नाही, आणि हे छापायला मला लाज वाटत नाही. शेवटी आमच्या मोरीत मुंग्या यायला लागल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘बाय, तुझी साखर बघ.’ उपाशीपोटी २८६.

इन्सुलिन सुरू केलं. पाच-सहा दिवसांनी सिरिंजवरच्या रेघा दिसेनात. तांदूळ निवडायला घेतले तर खडे दिसेनात. एका दुपारी ताटात पेडवे होते. पेडव्याचे काटे किती बारीक असतात ते मी कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. मी ताटाकडे बघत राहिले आणि रडले. काटे दिसत नाहीत म्हणून मासे खायचं सोडणारी वेंगुर्ल्यातली मी पहिलीच बाई असेन. लक्षात घ्या, मला यामागचं शास्त्र पाठ होतं. तरी मनात तुमच्यासारखाच विचार आला होता, की हे इन्सुलिन घेण्यापूर्वी मी बरी होते.

आता शास्त्र. बुबुळामागे डोळ्याचं भिंग असतं, साधारण मसुरीच्या दाण्याच्या घाटाचं, पण बरंच मोठं. त्याला रक्तवाहिन्या नाहीत. आजूबाजूच्या पाण्यातून ते आपलं पोषण घेतं, आणि त्या पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेबरोबर वरखाली होत असते. शरीरातल्या बऱ्याच पेशींना साखर आत घ्यायला इन्सुलिन लागतं. भिंगाला लागत नाही, बाहेर साखर वाढली की ती सरळ आत शिरते. आत गेल्यावर तिच्यातली काही सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात बदलते. (साखरविरहित च्युइंगगममध्ये गोडीसाठी घालतात तोच हा पदार्थ.) सॉर्बिटॉल पेशीतून सहजासहजी बाहेर पडत नाही, साठत राहतं. महिनोन्‌महिने असं चाललं की भिंगाची जाडी, आकार आणि प्रकाश वळवण्याची ताकद सगळंच बदलतं. बहुतेकांचा नंबर उणेकडे सरकतो. म्हणजे लांबचं थोडं अस्पष्ट होतं, पण चाळिशी उलटलेल्या माणसाला जवळचं बिनचष्म्याचं दिसायला लागतं. कुणाकुणात उलटंही होतं. हे सगळं इतकं हळू होतं की कळत नाही.

मग उपचार सुरू होतात आणि रक्तातली साखर आठ-दहा दिवसांत चारशेवरून दीडशेवर येते. बाहेरचं पाणी एकदम अळणी झालं, पण भिंगाच्या आत साठलेलं तसंच आहे. पुढे काय होतं ते तुमच्या स्वयंपाकघरात विचारा. पावसाळ्यासाठी खारवून ठेवलेले फणसाचे गरे भाजीला काढताना आपण साध्या पाण्यात घालून ठेवतो. आत खार, बाहेर गोडं पाणी. गरे पाणी ओढून घेतात आणि टरारून फुगतात. भिंगही तसंच पाणी ओढून घेतं. अशा पाणावलेल्या भिंगाची प्रकाश वळवण्याची ताकद कमी पडते आणि नंबर झटकन अधिककडे जातो, एक-दीड, कधी तीनपर्यंतही. साखर जितकी जास्त होती आणि जितकी भराभर उतरली, तितका हा झोका मोठा. तुमची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, १२.६ टक्के होती. झोका मोठा असणारच.

म्हणजे औषधाने डोळ्याला इजा केलेली नाही. शिमग्यापासून तुमचं भिंग जागेवरून हललेलं होतं, ते आता परत फिरतं आहे, आणि फिरताना थोडं पलीकडे गेलं आहे.

किती दिवस? बहुतेकांचं अंधुकपण उपचाराच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांत जास्त असतं, मग ओसरायला लागतं. महिना-दीड महिन्यात बरेचजण मार्गी लागतात, काहींना दोन महिने किंवा थोडे जास्तही लागतात. मला पाच आठवडे लागले. ते ओसरतं तेही सरळ रेषेत नाही. एक दिवस छान दिसतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा धुकं. साखर रोज वरखाली होत असेल तर नजरही होते.

आणि याचमुळे तुमचे ३२०० रुपये गेले. हलत्या होडीत उभं राहून खांबाची उंची मोजण्यातला प्रकार. दुकानदाराने त्या दिवशीचा नंबर बरोबरच काढला असेल, पण आठ दिवसांनी डोळा दुसरीकडे पोचला होता. त्याने साखरेचं विचारायला हवं होतं आणि तुम्ही सांगायला हवं होतं. मी प्रॅक्टिसच्या सुरुवातीला हीच चूक केली आहे, एका शिक्षकांना नव्या चष्म्यासाठी पाठवून. ते महिन्याने आले आणि काही न बोलता चष्मा माझ्या टेबलावर ठेवून गेले. तेव्हापासून माझा नियम असा, की साखर निदान महिनाभर एका पातळीला राहिल्याशिवाय पक्का चष्मा नाही. त्यानंतरही पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा नंबर काढायचा, दोन्ही वेळा तोच आला तरच बनवायचा. तोवर बाजारात शे-दीडशे रुपयांना वाचायचे तयार चष्मे मिळतात, त्यातला जो लावून दिसेल तो वापरा. डोळे त्याने बिघडत नाहीत. आणि तुमचा जुना, शिमग्याआधीचा चष्मा शोधून ठेवा. बहुधा तोच पुन्हा लागेल. माझा देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात होता, नंबर जसाच्या तसा लागू पडला.

एक घरगुती परीक्षा सांगते. जाड कागद घ्या, जुनी लग्नपत्रिका चालेल. त्याला जाड सुईने एक भोक पाडा, साधारण एक मिलिमीटरचं. एक डोळा झाका, दुसऱ्यासमोर ते भोक धरा आणि कॅलेंडरवरची तारीख बघा. मग दुसरा डोळा. भोकातून अक्षर लक्षणीय स्वच्छ दिसलं, तर दोष नंबरचा आहे, म्हणजे भिंगाचा झोका. भोकातूनही तितकंच अंधुक दिसत असेल तर चतुर्थीची वाट बघायची नाही, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ.

पण भोकातून स्वच्छ दिसलं म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे जायचं टळत नाही, हे तितकंच ठळकपणे लिहिते. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असलेला पडदा (रेटिना) ही वेगळी गोष्ट आहे. मोठेपणी होणाऱ्या या प्रकारच्या (टाइप २) मधुमेहात साखर सापडते त्या दिवशी ती किती वर्षं वाढलेली होती हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून निदान झाल्या झाल्या बाहुली मोठी करून पडदा बघायचा आणि मग दरवर्षी. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणजे झालेला नसावा. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा तुम्हाला सोयीच्या नेत्रतज्ज्ञांकडे जा.

तुमच्या बाबतीत घाई करायला आणखी एक कारण आहे. १९९३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या १४४१ मधुमेहींवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ते सुरुवातीपासूनच इन्सुलिन लागणाऱ्या (टाइप १) प्रकाराचे रुग्ण होते, पण धडा सगळ्यांना लागू पडला. साखर नेटाने ताब्यात ठेवलेल्यांच्या पडद्याचं नुकसान पुढे कितीतरी कमी झालं. मात्र पहिल्या वर्षात त्यांच्यातल्या काहींचा, विशेषतः ज्यांच्या पडद्यावर आधीच डाग होते त्यांचा, पडदा थोडा बिघडून मग सावरला. म्हणून साखर झपाट्याने उतरवताना पडदा आधी बघून ठेवतात आणि तीन-सहा महिन्यांनी पुन्हा बघतात. साखर उतरवायचं थांबवत मात्र नाहीत.

शेजारच्या गावातल्या त्या माणसाची मला माहिती नाही. पण अशा गोष्टींचा क्रम बहुधा असा असतो. साखर दहा-पंधरा वर्षं वाढलेली, गोळ्या कधी घेतल्या कधी नाही, पडदा एकदाही बघितलेला नाही. मूत्रपिंडं कुरकुरायला लागली तेव्हा कुणीतरी इन्सुलिनवर घातलं, आणि त्याच सुमाराला पडद्यावर रक्त उतरून डोळा गेला. गावाला शेवटची घडलेली गोष्ट लक्षात राहते, पंधरा वर्षं कोण मोजतं?

आता काही लक्षणं सांगते, ती दिसली तर हे वरचं सगळं विसरायचं आणि त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर गाठायचा. एकाच डोळ्याला अचानक कमी दिसणं. साखरेचं अंधुकपण दोन्ही डोळ्यांना सारखं येतं. डोळ्यांसमोर काळे ठिपके किंवा कोळिष्टकं अचानक वाढणं, विजा चमकल्यासारखं होणं, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटणं. डोळा लाल होऊन ठणकणं. सरळ रेघ वाकडी दिसणं, किंवा एकाचे दोन दिसणं. हे घरातल्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या, कारण तुम्हाला सध्या वाचता येत नाही.

या दिवसांत तीन गोष्टी मात्र दुसऱ्या कुणाला तरी करायला लावा. एक, इन्सुलिन भरणं. ४० युनिटच्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज लागते, १०० च्या बाटलीला नारिंगी टोपीची. अंधुक नजरेने यांची अदलाबदल झाली तर डोस अडीच पटीने चुकतो. दोन, पायाची पाहणी. जखम भरत आली आहे म्हणता, पण ती तुम्हाला नीट दिसत नाही, तेव्हा रोज संध्याकाळी बायकोला किंवा पुतण्याला तळव्यापर्यंत बघायला सांगा. तीन, गाडी. तिन्हीसांजेला पावसात तर दुचाकीवर बसूच नका. डोळ्यांत मध, गुलाबपाणी, कुणी दिलेली थेंबांची बाटली, यातलं काही घालायचं नाही. हा दोष डोळ्याच्या आतला आहे, वरून घातलेलं तिथे पोचून काही करत नाही.

आता मूर्ती. तुम्ही आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पत्र लिहिलंत. तेव्हा अंधुकपणाचे तीन आठवडे झाले होते आणि चतुर्थीला सात आठवडे बाकी होते. आखणी तशीही शेवटची. साफसफाई, घासकाम, अंगाचा रंग, पितांबर, शेला, हे सगळं मोठ्या ब्रशाचं काम तुमच्या हाताला आंधळेपणीही येत असेल. माझा हिशेब असा, की तुम्ही डोळ्यांपर्यंत पोचाल तेव्हा डोळे तुमच्यापर्यंत परत आलेले असण्याची शक्यता बरीच आहे. छातीठोक सांगत नाही, भिंग पंचांग बघून चालत नाही. म्हणून पुतण्याला आजच बसवा. घरातल्या पाटीवर रोज पन्नास डोळे काढू देत. तुम्हाला रेघ दिसत नसली तरी त्याचं मनगट कुठे अडतं ते तुम्हाला कळेल.

हे लिहून झाल्यावर पत्रावरच्या नंबरवर फोन केला. औषध चालू आहे. पडदा तपासून घेतला, एका डोळ्यात सुरुवातीचे बारीक ठिपके आहेत, सध्या उपचार नको, चार महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे. जुना चष्मा सापडला, पण एक काडी नातवाने मोडली आहे. तो दोऱ्याने कानाला बांधून मोठ्या मूर्तींची काजळरेषा जमते आहे, छोट्या मूर्तींचं अजून नाही. छोट्या पुतण्याकडे दिल्या आहेत. ‘कसा काढतोय?’ विचारलं. म्हणाले, ‘भुवया बऱ्या काढतो.’

पत्र दुसरं

मी डोंबिवलीला असते. आई राजापूरजवळच्या गावी एकटी राहते. वय ६८. तिला सकाळी एक साखरेची गोळी आहे, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची. गेल्या एकादशीला फोनवर म्हणाली, संध्याकाळी डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम सुटला, हात थरथरले. साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर बरं वाटलं. तिला वाटतं चष्मा बदलायला हवा. आता श्रावणी सोमवार येतील. उपास सोड म्हटलं तर ती ऐकणार नाही.

उत्तर

हा चष्मा नव्हे. वरच्या पत्रातलं अंधुकपण दिवसरात्र राहतं, आठवडे टिकतं. तुमच्या आईचं एका संध्याकाळी आलं आणि खाल्ल्यावर गेलं. घाम आणि थरथर सोबत होती. ही साखर खाली गेल्याची लक्षणं आहेत. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग पोटात अन्न असो वा नसो. गोळी घेऊन उपास म्हणजे चूल पेटवून रिकामं पातेलं ठेवण्यातला प्रकार.

आईला सांगून ठेवा: असं झालं की आधी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची. खिचडी शिजेपर्यंत थांबायचं नाही. घरात मशीन असेल तर साखर बघायची, ७० च्या खाली म्हणजे कमी. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच साखर, आणि नंतर पेज-भात काहीतरी पोटभर. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, थेट दवाखाना. शेजारणीलाही हे सांगा. एकटीच्या घरात साखरेचा डबा वरच्या फळीवर असून चालत नाही.

आणि पहिल्या सोमवारच्या आधी तिच्या डॉक्टरांना भेटून, उपासाच्या दिवशी गोळी किती आणि कधी घ्यायची ते लिहून घ्या. स्वतःच्या मनाने गोळी सोडू नका, स्वतःच्या मनाने घेऊही नका. उपास सोडायला सांगितला तर ऐकणार नाही असं तुम्ही लिहिलं आहे. माझी आईही ऐकत नसे. तिला मी सांगायचे, महादेवाला दूध चढव आणि उरलेलं तू पी.

पत्र तिसरं

आमचे हे देवगडला ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आहेत. साखर सात वर्षं आहे, गोळ्या वेळेवर घेतात. डोळ्यांचं म्हणाल तर समुद्रातलं बोयं (पाण्यावर तरंगणारी खूण) मैलावरून ओळखतात. डॉक्टर दरवर्षी पडदा तपासा म्हणतात. हे म्हणतात, दिसतं तर तपासायचं कशाला? औषध घातलं की अख्खा दिवस फुकट जातो.

उत्तर

त्यांना विचारा, होडीच्या तळाला कीड लागली की ती शिडाकडे बघून कळते का? पडद्यावरचं नुकसान सुरुवातीची कितीतरी वर्षं काही जाणवू देत नाही. नजरेच्या मध्यावर येईपर्यंत बोयं मैलावरूनच दिसत राहतं. जाणवायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. वेळेत सापडलं तर लेसर आहे, डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत, आणि पुष्कळदा नुसती साखर आणि रक्तदाब सांभाळून भागतं.

मासेमारीची पावसाळी बंदी ३१ जुलैपर्यंत आहे आणि होड्या किनाऱ्यावर आहेत. नारळी पौर्णिमेआधी उरकून घ्या. थेंब घातल्यावर बाहुली मोठी व्हायला अर्धा तास लागतो, तपासणी दहा-पंधरा मिनिटांची. मग चार-सहा तास जवळचं दिसत नाही आणि उजेड सोसत नाही, एवढंच. तेव्हा मोटारसायकल घरी ठेवा आणि एसटीने जा. तुम्ही सोबत जा, तिकिटावरचे पैसे त्यांना वाचता येणार नाहीत. गॉगल नसेल आणि नेमकं ऊन पडलं, तर पावसाची छत्री त्यांच्या डोळ्यांवर धरा.